टेपरेकॉर्डरवर टिपलेली विज्ञानमालिका आणि चाहत्यांनी जपलेला ठेवा

सदाशिवपेठी (मूळ लेख)

आमचा सदाशिव पेठेतील वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना गेल्या महिन्यात माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. त्यात गोट्या, आगपेट्यांवरची चित्रे आणि साठ मिनिटांची एक कॅसेट होती. कॅसेटवर चिकटवलेल्या कागदावर माझ्या बाळबोध अक्षरात लिहिले होते : ‘इंद्रधनुष. १९८९. कोणीही पुसू नये.’ चुकून दुसरे काही मुद्रित होऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे चौकोनी तुकडे मी त्याच वेळी पेन्सिलच्या टोकाने मोडून टाकले होते. कॅसेट हातात घेतल्यावर ते सगळे जसेच्या तसे आठवले.

त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो. घरात कृष्णधवल दूरदर्शन संच होता आणि गच्चीवरच्या अँटेनाचे तोंड सिंहगडावरील मनोऱ्याकडे करून ठेवलेले असे. व्हिडिओ रेकॉर्डर आमच्या आवाक्याबाहेरचा होता, पण वडिलांचा टेपरेकॉर्डर होता. मालिका सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी मी तो स्टुलावर ठेवून संचाच्या स्पीकरला भिडवत असे, घरातल्या सर्वांना बोलू नये म्हणून विनवत असे आणि शीर्षकसंगीत सुरू होताच दोन कळा एकदम दाबत असे. आनंद महेंद्रू यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या मालिकेत मुले घरी संगणक जोडतात आणि त्यातून काळप्रवासाची वाट उघडते. गिरीश कार्नाड तीत होते, आणि पुढे दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेला करण जोहर तीत शाळकरी मुलाच्या भूमिकेत होता. त्याच सुमारास ‘स्पेस सिटी सिग्मा’ही लागत असे, आणि त्यातला खलनायक जखाकू आमच्या वाड्यातील मुलांच्या खेळात कितीतरी दिवस वावरत होता. भाग संपला की तो पुन्हा पाहण्याचा कोणताही मार्ग नव्हता. म्हणून मी तो रात्री अंथरुणात ऐकत असे. चित्र डोळ्यांपुढे आपोआप येई.

हा माझ्या एकट्याचा वेडा उद्योग होता अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पुढे काळप्रवासावरचीच ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’ पाहू लागलो, तिच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि हाच उद्योग माझ्या जन्माच्याही आधी तिथल्या मुलांनी केला होता, असे कळले. तो इतिहास येथे थोडा सविस्तर सांगतो, कारण या धाग्याचे प्रयोजन त्यातच आहे.

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रसारित झाला. त्या बातमीच्या धक्क्यात अनेकांचा तो पाहायचा राहिला असेल म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवण्यात आला. त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. साठच्या दशकातील हे भाग चित्रफितीवर मुद्रित होत. चित्रफीत महाग होती, पुसून पुन्हा वापरता येत होती, आणि कलावंतांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. रंगीत प्रसारण आल्यावर तर कृष्णधवल कार्यक्रमांना काही मोलच उरले नाही. परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटर फिल्मवर काढलेल्या प्रतीही करार संपल्यावर नष्ट करण्यात आल्या. १९७८ साली हे थांबले, तोवर या मालिकेचे शंभराहून अधिक भाग संग्रहातून नाहीसे झाले होते. पुढे काही परत मिळाले. १९९१ साली सायबरमेन या यंत्रमानवी खलनायकांची एक संपूर्ण कथा हाँगकाँगहून आली, आणि २०१३ साली नायजेरियातील जोस या शहरात सापडलेल्या नऊ भागांची घोषणा झाली. तरीही फार मोठा हिस्सा आजही हरवलेलाच आहे.

परंतु चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे, आणि तो चाहत्यांमुळे उपलब्ध आहे. त्या काळी काही मुले टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन संचासमोर धरून बसत. काहींनी तर संचाच्या आतील जोडणीतूनच थेट आवाज घेतला होता. वर्षानुवर्षे या फिती कपाटांत आणि माळ्यांवर पडून राहिल्या. त्यांतूनच पुढे ध्वनिरूप आवृत्त्या निघाल्या आणि त्याच आवाजांवर नवी चलच्चित्रे (ॲनिमेशन) रेखाटून हरवलेल्या कथा पुन्हा उभ्या करण्यात आल्या. ‘द पॉवर ऑफ द डेलेक्स’ ही १९६६ सालची कथा नव्या डॉक्टरची पहिलीच कथा, म्हणजे नायकाचा चेहरा बदलला तरी मालिका चालू राहू शकते हे प्रथम सिद्ध करणारी. तिचा एकही भाग अखंड उरलेला नाही. २०१६ साली ती चलच्चित्ररूपाने पाहता आली, ती निव्वळ या घरगुती फितींच्या जोरावर.

हे वाचल्यापासून ‘चाहता’ या शब्दाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे. आवडती मालिका पुन्हा पुन्हा पाहणे, तिच्यावर चर्चा करणे, तिच्यातील यानांची नावे तोंडपाठ असणे हे सगळे आनंदाचे आहे आणि मी ते सगळे केले आहे. परंतु ज्या काळात मालिका बनवणाऱ्यांनाच तिचे मोल वाटत नसते, त्या काळात ती सांभाळून ठेवणे हे चाहत्याचे सर्वांत मोठे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. पुण्यात प्रभात रस्त्याच्या परिसरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. फाळके यांच्या ‘कालियामर्दन’सारख्या चित्रपटाची रिळे पी. के. नायर यांनी चिकाटीने मिळवून तेथे जपली, याचा या शहराला अभिमान आहे. आपल्या लहानपणीच्या दूरदर्शन मालिकांच्या बाबतीत तशी चिकाटी आपणच का दाखवू नये?

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. आपल्यापैकी कोणाकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांतील विज्ञानमालिकांच्या ध्वनिफिती, व्हिडिओ कॅसेटी, वृत्तपत्रातील कार्यक्रमपत्रिकांची कात्रणे किंवा त्या काळी लिहिलेल्या वह्या असतील, तर त्यांविषयी येथे लिहावे. आणि माझी ही कॅसेट कशी वाजवावी, याचे मार्गदर्शन करावे. ती मी अजून एकदाही लावलेली नाही. आतील फीत ज्यामुळे हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबली जाते तो लोकरीचा छोटा तुकडा निखळून पडला आहे, आणि फितीच्या गुंडाळीवर पांढरट डाग दिसतात.

जुना ध्वनितंत्रज्ञ

आपण कॅसेट लावली नाही हे फार चांगले केले. ध्वनिमुद्रणाच्या कामात माझी तीस वर्षे गेली. जुन्या फितींचे सर्वांत मोठे नुकसान काळ करत नाही, ते उत्साहाच्या भरात पहिल्यांदा कळ दाबताना होते.

पांढरट डाग म्हणजे बहुधा बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ती धरणारच. अशी फीत वाजवली तर बुरशी हेडवर बसते, तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते आणि फीत चिकटून तुटण्याचा धोका असतो. प्रथम कॅसेट काही दिवस कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा. उन्हात ठेवू नका आणि गरम तर मुळीच करू नका. मोठ्या स्टुडिओ फितींसाठी मंद उष्णतेचा एक उपचार असतो. त्याविषयी कोठेतरी वाचून लोक घरच्या ओव्हनमध्ये कॅसेट ठेवतात आणि कायमची गमावतात. बुरशी वाळली की तोंडाला मुखपट्टी बांधून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने ती हलकेच झाडावी.

निखळलेल्या लोकरीच्या तुकड्यावर उत्तम उपाय म्हणजे कवच बदलणे. पाच स्क्रूंनी जोडलेली, साठ मिनिटांचीच एखादी निरुपयोगी कॅसेट घ्या. ती टेबलावर सपाट ठेवून उघडा, तिच्या चकत्या काढा आणि आपल्या चकत्या जशा आहेत तशाच अलगद उचलून तिच्यात बसवा. फीत केवळ ३.८१ मिलिमीटर रुंद असते, तिला बोटे लावू नका. फीत दोन्ही कोपऱ्यांवरील छोट्या चाकांवरून बाहेरच्या बाजूने जाते आहे ना, हे पाहूनच झाकण लावा. आपले कवच स्क्रूंचे नसून चिकटवलेले असेल, तर कडेच्या सांध्यात पातळ पाते घालून, घाई न करता, थोडे थोडे उघडत जावे.

वाजवण्यासाठी दुरुस्त केलेलेच यंत्र वापरा. जुन्या यंत्रांतील रबरी पट्टे डांबरासारखे विरघळून चिकट झालेले असतात. नवे पट्टे तपकीर गल्लीत विचारून पाहा, आणि जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलात तर आख्खे डेकही मिळते. हेड आणि रबरी रूळ स्पिरिटने स्वच्छ करा. त्यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा फितीशी होणारा कोन बदलतो. ज्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले त्याचा कोन आणि आपल्या यंत्राचा कोन जुळला नाही, तर आवाज घशात बोळा कोंबल्यासारखा येतो. कॅसेट चालू असताना तो स्क्रू अगदी किंचित फिरवत न्यावा. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे ज्या क्षणी टोकदार ऐकू येतील, तेथे थांबावे.

संगणकावर घेताना कोणतीही सफाई न करता जसाच्या तसा आवाज प्रथम साठवा. घरगुती फितीत दूरदर्शन संचाची घरघर असतेच. तीत आपल्याकडच्या वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा सूर मिसळलेला असतो. तो सूर ५० ऐवजी ४८ किंवा ५२ वर दिसला, तर फीत किती हळू किंवा किती वेगाने चालली आहे ते अचूक कळते आणि वेग दुरुस्त करता येतो. जो आवाज आपण खरखर म्हणून पुसायला निघतो, तोच मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो. म्हणून मूळ प्रत शुद्ध ठेवा आणि सफाईचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा.

अनुराधा_नक्षत्र

आपला लेख वाचून फार आनंद झाला. मी वयाने आपल्यापेक्षा थोडी मोठी आहे. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागत असे, तेव्हा मी शाळेत होते. इंग्रजी पुरते कळत नसे, पण यानाच्या मुख्य कक्षात एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी म्हणून बसलेली आहे आणि तिचे तेथे असणे कोणालाही विशेष वाटत नाही, हे मात्र लख्ख कळत होते. लेफ्टनंट उहुरा ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडण्याच्या विचारात होत्या, आणि मार्टिन ल्युथर किंग यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. पुढे १९७७ पासून नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार मिळवण्याच्या मोहिमेत त्यांनी काम केले. १९९२ साली अंतराळात गेलेल्या मे जेमिसन लहानपणी हीच मालिका पाहत असत.

जतन करण्याच्या कामाबरोबर आणखी एका कामाची नोंद या धाग्यावर व्हावी असे मला वाटते, ते म्हणजे पत्र लिहिणे. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि दुसऱ्याच पर्वात ती बंद होण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा बिजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. वाहिनीकडे एक लाखाहून अधिक पत्रे गेली. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिका पुढे चालू राहील असे वाहिनीला भाग संपल्यावर जाहीर करावे लागले. तिसरे पर्व शुक्रवारी रात्री उशिराच्या वेळेत ढकलले गेले आणि १९६९ साली मालिका बंद पडली, हे खरे आहे. परंतु त्या तिसऱ्या पर्वामुळे भागांची संख्या ७९ झाली, आणि इतर केंद्रांना रोज एक भाग दाखवण्यासाठी पुरेसा साठा तयार झाला. सत्तरच्या दशकातील त्या पुनःप्रसारणांमुळेच ही मालिका जगभर पोहोचली. त्या पत्रांअभावी ती एरंडवण्यातील आमच्या घरी रविवारी सकाळी आली असती, असे मला वाटत नाही.

पहिल्या स्पेस शटलला मालिकेतील यानाचे ‘एंटरप्राइझ’ हे नाव मिळाले तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच. १९७६ साली ते शटल लोकांसमोर आणले गेले त्या समारंभाला मालिकेतील कलावंत उपस्थित होते. ते यान अंतराळात कधीच गेले नाही, वातावरणातील चाचण्यांपुरतेच वापरले गेले, याची हुरहुर मला आजही वाटते.

माझ्याकडे ध्वनिफिती नाहीत, पण दोनशे पानी वही आहे. प्रत्येक भागानंतर त्यातील ग्रहाचे नाव, मला कळलेली कथा आणि न कळलेले इंग्रजी शब्द मी त्यात लिहीत असे. ‘ट्रान्स्पोर्टर’ या शब्दापुढे मी ‘माणसे विरघळवण्याचे यंत्र’ असे लिहिले आहे. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवण्याचे चित्रीकरण परवडत नसे म्हणून ती कल्पना काढली गेली, हे मला पुष्कळ नंतर कळले. वहीची पाने मी स्कॅन करून ठेवीन.

रोसिनांटे_बाणेर

मूळ लेख मनापासून आवडला, तरी त्यातील मुख्य मताशी मी पूर्ण सहमत नाही. सांभाळणे हे चाहत्याचे सर्वांत मोठे काम आहे असे म्हटले, तर माझ्या पिढीच्या हाती काय उरते? आम्ही पाहिलेल्या मालिका सर्व्हरवर आहेत आणि त्यांच्या असंख्य प्रती आहेत. माझ्या मते चाहत्याचे मोठे काम म्हणजे मालिका जे सांगते ते गांभीर्याने तपासणे. मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी असताना ‘द एक्सपान्स’ पाहिली. तिच्यातील यानांचे मजले उंच इमारतीसारखे एकावर एक आहेत आणि इंजिन तळाशी आहे, कारण यान वेग वाढवत असताना जे वजन जाणवते ते इंजिनाच्याच दिशेने जाणवणार. अर्धा प्रवास झाला की यान उलटे फिरवून त्याच इंजिनाने वेग कमी करावा लागतो. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही मित्र मंगळापर्यंतच्या प्रवासाचे गणित कागदावर मांडून बसलो होतो. सतत एक तृतीयांश गुरुत्वाइतके त्वरण ठेवले तर महिन्यांचा प्रवास काही दिवसांवर येतो, हे उत्तर हाती आले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. तिसऱ्या पर्वानंतर २०१८ साली ही मालिका बंद झाली, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून फलक लावलेले विमान ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून उडवले. मालिका तेथे गेली आणि सहा पर्वे पूर्ण झाली. तो जोर आला, कारण लोकांनी तिच्यावर विचार केला होता, वाद घातले होते.

सदाशिवपेठी

@रोसिनांटे_बाणेर, आपल्या गणिताविषयी वाचून मला हेवा वाटला. तपासून पाहणे हे मोठे काम आहेच, आणि ‘सर्वांत मोठे’ हे शब्द मी मागे घेतो. मात्र ‘सर्व्हरवर आहे म्हणून सुरक्षित आहे’ हे मला मान्य नाही. ‘स्टार ट्रेक : प्रॉडिजी’ ही मालिका २०२३ च्या जून महिन्यात तिच्या स्वतःच्याच महाजालावरील मंचावरून काढून टाकण्यात आली. ज्यांनी त्या मंचाची वर्गणी भरली होती त्यांनाही ती तेथे दिसेनाशी झाली. चाहत्यांनी आवाज उठवला, पुढे दुसऱ्या मंचाने ती घेतली आणि २०२४ साली तिचे दुसरे पर्व आले. तोवर ज्यांनी पहिल्या भागांच्या डिस्क विकत घेतल्या होत्या, त्यांच्या हाती मात्र प्रत होती.

आणखी एक गोष्ट सांगतो. ‘स्टार ट्रेक’च्याच पुढच्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचे चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले, पण संकलन चित्रफितीवर झाले. नव्या पडद्यांसाठी ती मालिका सुधारायची ठरली, तेव्हा मूळ फिल्मचे हजारो तुकडे शोधून प्रत्येक भाग नव्याने जोडावा लागला. फिल्म जपलेली होती म्हणून हे शक्य झाले. आपण ज्या मालिकेवर गणित मांडता, ती आधी पाहायला मिळायला हवी.

कलम_सदतीस

मी वकील आहे, म्हणून एका व्यावहारिक बाबीकडे लक्ष वेधतो. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात प्रसारणाचा हक्क आणि कलाकृतीचा हक्क वेगवेगळे आहेत. प्रसारणसंस्थेचा हक्क, प्रसारण झाले त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून २५ वर्षे टिकतो. म्हणजे १९८९ च्या प्रसारणाचा हक्क २०१४ च्या अखेरीस संपला. परंतु मालिका ही कायद्याच्या दृष्टीने चलच्चित्रकृती आहे, आणि तिच्यावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. संगीत आणि संहिता यांचे हक्क त्याहून वेगळे आहेत. त्यामुळे आपली फीत स्वतःच्या वापरासाठी आणि अभ्यासासाठी संगणकावर घेण्यास अडचण येऊ नये, पण संपूर्ण भाग महाजालावर सर्वांसाठी टाकू नये. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना किंवा एखाद्या संग्रहालयाला आपल्याकडील प्रतीची लेखी माहिती कळवून ठेवावी. साठच्या दशकातील ब्रिटिश फितींचा उपयोग अखेर मूळ संस्थेनेच, म्हणजे बीबीसीनेच, केला, तो या मार्गाने.

खोडदची_तबकडी

मूळ लेखातील सर्व मालिका हिंदी किंवा इंग्रजी आहेत, याचे मला वाईट वाटले. ज्या वर्षी ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली त्याच वर्षी, १९६६ साली, मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकर यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ते नाव घेतले होते, जेणेकरून कथा केवळ कथा म्हणून वाचली जावी. पुढे त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था उभी केली. तेथील दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना मी शाळेतून जात असे. बाहेर पडताना आवारातील आर्यभट आणि गॅलिलिओ यांच्या पुतळ्यांपाशी आम्ही मुले आदल्या रात्रीच्या भागावर तावातावाने बोलत असू. २० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर गेले, त्या दिवशी मला प्रथम तीच पुतळ्यांपाशी होणारी चर्चा आठवली.

ज्या भाषेत इतक्या समर्थपणे विज्ञानकथा लिहिल्या गेल्या, त्या भाषेत अंतराळावरची एखादी दीर्घ मालिका मला लहानपणी पाहायला मिळाली असती तर किती बरे झाले असते. नारायणगावाजवळ खोडदला आणि आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. पावसाळ्यात धुक्यातून त्यांतली एक हळूच वळताना मी पाहिली आहे. त्याहून चांगले पहिले दृश्य कोणत्या मालिकेला हवे? अनुराधाताईंच्या वहीप्रमाणे कोणी त्या काळी मराठीत काही लिहून ठेवले असेल, तर ते आधी वर यावे अशी माझी इच्छा आहे.

सदाशिवपेठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री कॅसेट वाजली, त्याचा वृत्तान्त देतो.

ध्वनितंत्रज्ञांनी सांगितल्याप्रमाणे ती आठ दिवस कोरड्या खोलीत ठेवली. जुन्या बाजारात एक डेक मिळाले, त्याचे पट्टे तपकीर गल्लीतून आणून बदलले. माझी कॅसेट चिकटवलेली निघाली. तिचे कवच उघडायला पाऊण तास लागला आणि त्या वेळात मुलीने माझ्यासाठी विजेरी धरली. नव्या कवचात फीत बसवून प्रथम हाताने पेन्सिलीवर दोन-तीन वेढे फिरवले, मग कळ दाबली. सुरुवातीला फक्त गुरगुर ऐकू आली. हेडचा स्क्रू फिरवत गेलो, आणि एका जागी अचानक शीर्षकसंगीत स्वच्छ झाले. विजेचा सूर ५१ च्या जवळ दिसला, तेव्हा फीत थोडी वेगाने चालली आहे हेही कळले.

@खोडदची_तबकडी, आपल्या प्रतिसादाचे उत्तर याच फितीत आहे. मी सर्वांना गप्प बसवले होते असे लिहिले, पण आजोबा गप्प बसलेले नाहीत. आजीला हिंदी समजत नसे. भाग चालू असताना आजोबा तिला हळू आवाजात सगळे मराठीत सांगत आहेत. त्या वेळी मी यामुळे रडवेला झालो होतो आणि फीत बिघडली म्हणून दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो. काल मुलगी आणि मी मालिकेचे संवाद सोडून तेच ऐकत बसलो. पात्रांचा शिरकाव, यंत्राचे आवाज, कोण खरे बोलतो आणि कोण खोटे, या सगळ्याचे त्यांनी क्षणात मराठी केले आहे. काळप्रवासाचा प्रसंग येतो तेव्हा आजी विचारते, “मागं गेला म्हणजे कुठं गेला?” आजोबा म्हणतात, “अगं, आपण शनिवारवाड्यात शिरावं आणि समोर राघोबादादा उभे असावेत, तसं.” थोडा वेळ फक्त मालिकेचा आवाज येतो. मग आजी विचारते, “मग त्यांना पुढचं सांगून टाकायचं का नाही?” त्यावर आजोबा काय म्हणाले ते फितीत नाही, कारण तीस मिनिटे संपून तेथे कळ खटकन वर आलेली आहे.

मूळ प्रत जशीच्या तशी तीन ठिकाणी साठवली आहे. सफाई केलेली प्रत करणार नाही. आजोबांच्या मराठी निवेदनाचे शब्दशः लेखन मी आणि मुलगी मिळून करत आहोत. काही शब्द अस्पष्ट आहेत, त्यांचे तुकडे ध्वनितंत्रज्ञांकडे पाठवू इच्छितो, त्यांची हरकत नसेल तर. कॅसेटची दुसरी बाजू रविवारी लावणार आहे.